हो, नाही आणि कोरी चिठ्ठी

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की आपल्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत नव्या वर्षासाठी बायबलच्या वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात. कुणाच्या हाती यिर्मया 29:11 (तुमच्या हिताचे, भविष्याची आशा देणारे बेत माझ्याकडे आहेत, असं देव सांगतो ते वचन) आलं, की घरात लगेच ठरतं, परदेशाचं नक्की! मग ग्रुपवर दोन तट. एक म्हणतो, प्रभू बोलला. दुसरा विचारतो, मग कौल लावण्यात आणि यात फरक काय?

जर्मनीतून हा वाद वाचताना गंमत वाटते, कारण चिठ्ठ्यांचं जुनं माहेर इथलंच, सॅक्सनीतलं हेर्नहुट. 3 मे 1728 ला तिथल्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीला तिचा पुढारी काउंट झिंझेंडॉर्फ याने दिवसाचं पहिलं वचन दिलं. 1731 पासून ही वचनं छापली जातात. आजही जुन्या करारातलं वचन चिठ्ठी काढूनच ठरतं. त्याखालचं नव्या करारातलं मात्र माणूस विचार करून निवडतो.

याच मंडळीत एके काळी लग्नंही चिठ्ठीवर ठरत. चिठ्ठ्या तीन: हो, नाही आणि कोरी. कोरी म्हणजे आत्ता थांबा. (आपल्या घरगुती चिठ्ठ्यांत ती कधीच नसते, थांबायची तयारी कुणाची असते?) 1818 मध्ये साध्या सभासदांची लग्नं यातून सुटली आणि 1889 मध्ये निर्णयाची चिठ्ठी कारभारातूनच गेली. वाचनाची तेवढी राहिली. मला हा निवाडा पटतो.

यिर्मयाचं ते वचन तर बाबेलात (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं. आधीच्याच ओळीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय, त्याच्याही आधी घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा. व्हिसाबद्दल त्यात काही नाही.

संधी आली की 'देवाने दार उघडलं' म्हणतात, हेही तसंच. त्रोवस शहरात प्रेषित पौलासाठी प्रभूनेच दार उघडलं होतं. सहकारी तीत भेटला नाही म्हणून चैन पडेना आणि तो मासेदोनियाला निघून गेला (2 करिंथ 2:12-13). उघडं दार म्हणजे हुकूम नव्हे. आणि दवात लोकर ठेवून देवाकडे खूण मागणाऱ्या गिदोनाला ती ठेवण्याआधीच लढायची आज्ञा मिळाली होती; लोकर त्याच्या शंकेसाठी होती.

मग रोजचे निर्णय घ्यायचे कसे? इथल्या पत्ता-नोंदणीचा अर्ज घ्या. त्यात धर्माचा रकाना असतो आणि त्यावरून चर्चकर लागतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये आयकराच्या 8 टक्के, इतर राज्यांत 9. पगाराच्या नव्हे, आयकराच्या. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. महिन्याला 600 युरो आयकर असेल, तर 48 किंवा 54 युरो.

आधी आज्ञा कुठे स्पष्ट आहे ते पाहा: खोटं बोलू नये. वसईच्या बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकाने 'धर्म नाही' लिहिणं इथेच निकालात निघालं, त्यासाठी वेगळी प्रार्थना नको. मग माहिती काढा. स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळीच्या सभासदाने नुसतं 'एव्हांगेलिश' (प्रोटेस्टंट) लिहिलं, तर तो कर घेणाऱ्या प्रांतिक प्रोटेस्टंट चर्चचा धरला जाऊ शकतो आणि कर कापला जातो. त्याने हा रकाना भरण्याआधी इथल्या आपल्या पाळकांना विचारावं. उरलं ते दान किती आणि कुणाला. तिथे मोकळीक आहे. याकोब 1:5 प्रमाणे बुद्धी मागा, नवराबायको बसून आकडा ठरवा. आकड्यावर एकमत होत नसेल, तर ती तुमची कोरी चिठ्ठी.