आवक पाच, जावक सात

चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी उतरते, हे गेमिंग फोन बाळगणाऱ्या कुणालाही नवीन नाही. ते भर प्रतीक्षालयात, खणखणीत आवाजात, दर पाच मिनिटांनी जाहीर होणं मात्र मला नवीन होतं. परवापासून डोक्यातून जात नाहीये.

गाडी लेट. भिंतीवरचे सगळे प्लग चिकटपट्टी लावून बंद केलेले. कोपऱ्यात चार्जिंगचा एक खांब, त्याला यूएसबीची भोकं भरपूर, पण जिवंत दोनच. माझ्या बॅगेत ६५ वॅटचा चार्जर होता, पण त्याला भिंत लागते आणि भिंतीला चिकटपट्टी. मग नुसत्या केबली काढल्या. एका भोकात फोन, दुसऱ्यात कूलर आणि गेम सुरू.

"ही दोन्ही तुमचीच?"

मान वर केली. साठी ओलांडलेले एक काका. खिशाला पेन, हातात बटणांचा फोन, फोनला रबरबँड. शेजारी आठ-नऊ वर्षांची नात.

"हो, माझीच."

"दोन फोन आहेत?"

"नाही, फोन एकच. दुसरा पंखा आहे."

"कुणाला?"

"फोनला."

काकांनी वर पाहिलं. वर प्रतीक्षालयाचा पंखा होता. बंद. त्याच्याखाली पाच-पन्नास माणसं हातात मिळेल त्या कागदानं वारा घेत होती. मग काकांनी खाली, माझ्या फोनच्या पाठीवर गरगरणाऱ्या त्या चकतीकडे पाहिलं.

"फोनला पंखा," ते म्हणाले. मला नव्हे, हॉलला.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हा कूलर म्हणजे पाठीला चिमट्यासारखी बसणारी एक वस्तू. वर इवलासा पंखा, खाली एक पट्टी. तिच्यातून वीज सोडली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. हा गुण १८३४ साली झाँ पेल्तिए नावाच्या एका फ्रेंच गृहस्थांच्या लक्षात आला. हे मूळचे घड्याळवाले. त्यांनी बिचाऱ्यांनी काय म्हणून डोकं चालवलं आणि आपण ते कुठे नेऊन चिकटवलं! बरं, ही पट्टी उष्णता नाहीशी करते असंही नाही. इकडची उचलते, तिकडे टाकते आणि उचलाउचलीत स्वतःची थोडी भर घालते. फोनच्या बाजूला गार लागतं म्हणून आपण खूश. हवा दमट असेल तर त्या गार बाजूला पाणी सुटतं, ते आणखी वेगळं.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "खेळताना गरम होतो हो."

"मग खेळू नका."

यावर काय बोलणार? गेमिंग फोनवाल्याला दिलेला हा जगातला सगळ्यात बिनचूक सल्ला आहे आणि म्हणूनच तो सहन होत नाही. मी कूलरची केबल उपसली, काकांनी तिथे आपली खुपसली. आता कूलर माझ्या मांडीवर मेलेला आणि फोन तळव्यात तापायला लागलेला.

नात माझ्या पाठीमागून डोकावत होती. "काका, तुमच्या फोनच्या मागे लाइट लागतो."

ज्यांना मी काका म्हणत होतो, त्यांच्या नातीनं मला काका म्हणावं? पण तो मुद्दा सोडून देतो. लाइट खरंच लागतो. लाल, निळा, जांभळा. फोन माझा, बॅटरी माझी आणि दिवा समोरच्याला दिसणार. मला तो आजवर आरशातच काय तो दिसलाय.

"मघाशी ३१ होते," नात म्हणाली. "आता ३०."

काका वळले. "चार्जिंगला आहे ना तो?"

"आहे."

"मग वाढायला पाहिजे."

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. विजेची छोटीशी खूण होती, 'चार्ज होत आहे' असं लिहिलेलंही होतं. फोनच्या दृष्टीनं विषय संपला होता. काकांच्या दृष्टीनं तो आत्ता सुरू झाला. कारण काका निघाले पाणीपुरवठ्यातले. आख्खी नोकरी पंपावर काढलेली. त्यांनी चष्मा पुसला, शेजाऱ्याचं वर्तमानपत्र न विचारता ओढलं आणि समासात पेन टेकवलं.

"टाकी केवढी?"

"सहा हजार एमएएच."

"असं नको. कामाचं सांगा."

मीही ईर्ष्येला पेटलो. सहा हजार एमएएच म्हणजे ६ अँपिअर-अवर, त्याला बॅटरीच्या साधारण ३.८५ व्होल्टनं गुणा. "२३ वॅट-अवर."

"आवक?"

मी खांबाकडे पाहिलं. काका उठून जवळ गेले आणि भोकाखालची झिजलेली अक्षरं नाक लावून वाचली. "पाच व्होल्ट, एक अँपिअर. म्हणजे पाच वॅट. वाटेतली गळती धरून चार. जावक?"

"खेळताना सात वॅट जातात, साधारण."

काकांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. नोकरीत अशी फुटलेली लाइन त्यांनी पाहिली असणार आणि तिथे कुणाला तरी फैलावर घेतलं असणार. "तूट तीन. तुमचा एक टक्का म्हणजे पाव वॅट-अवरला थोडा कमी." त्यांनी भागाकार केला, हातचा घेतला. "पाचेक मिनिटाला एक टक्का जाणार." मग घड्याळ पाहून पुढची वेळ समासात लिहून ठेवली.

आणि गेला हो! त्यांनी लिहिलेल्या मिनिटाला गेला.

"एकोणतीस!" काका गरजले. वर्तमानपत्राचा मालकसुद्धा वाकून बघायला लागला.

आता मी चिडू की नको? ६५ वॅट हा आकडा खोक्यावर फोनच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होता. पण तो मिळायला आधी फोन आणि चार्जर यांची आपसात बोलणी व्हावी लागतात. तू किती देतोस, मी किती घेतो, केबलला किती झेपेल. बोलणी जमली तर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. नाही जमली, तर सगळं पाच व्होल्टवर येऊन बसतं. कंपनीचा चार्जर, कंपनीची केबल आणि वर मुहूर्त. बरं, सगळं जमलं तरी तो ६५ चा आकडा पहिली थोडी मिनिटंच. बॅटरी भरत आली की व्होल्टेजची मर्यादा लागते आणि करंट उतरवावाच लागतो. म्हणून शेवटचे वीस टक्के रडतखडत भरतात. त्यातून फोन तापलेला असेल तर चार्जिंग स्वतःहून आणखी हळू. म्हणजे ज्या वेळी घाई असते, नेमकी त्याच वेळी ही सोय रजेवर.

माझ्या फोनात बायपास चार्जिंगही आहे. वीज बॅटरीत न शिरता थेट सर्किटला जाते, त्यामुळे खेळताना बॅटरीला तोशीस नाही. सुंदर कल्पना. तिला दमदार चार्जर लागतो. म्हणजे भिंत. म्हणजे चिकटपट्टी.

बॅटरीला मी दोष देत नाही. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, सोनीनं आणली. तिच्या शास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं २०१९ मध्ये. तिघांपैकी जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या सबुरीनं जन्माला आलेली वस्तू आपण वीस मिनिटांत भरायला सांगतो, भरता भरता पिळतो आणि पिळता पिळता तापवतो. उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था, या दोन गोष्टींनी ती लवकर म्हातारी होते. गेमिंग फोनच्या मालकाच्या या दोनच सवयी असतात.

"अठ्ठावीस!"

"पण आतमध्ये थंड करायची काही सोय नाही का?" काकांनी विचारलं. आता ते माझ्या बाकावर, माझ्याच बॅगेला टेकून बसले होते.

"आहे ना. आत तांब्याची चपटी डबी असते, कागदाहून थोडी जाड. तिच्यात पाणी असतं."

मी हे बोलायला नको होतं.

"फोनात पाणी?"

"थेंबभर. प्रोसेसर तापला की त्याची वाफ होते. वाफ डबीच्या गार बाजूला जाते, तिथे परत पाणी होतं आणि ते पुन्हा जागेवर येतं."

"येतं म्हणजे? पंप कुठाय?"

"पंप नसतो. आतून बारीक जाळी असते. तिच्यातून आपोआप ओढलं जातं."

"फोन उभा धरला तरी? चढावर?"

"चढावरसुद्धा."

"पंपाशिवाय."

"पंपाशिवाय."

काका बराच वेळ गप्प बसले. पेन खिशात गेलं. माणसाची आख्खी हयात पाणी चढवण्यात जावी आणि त्याला एका बाकावर कळावं की कुणीतरी जाळी लावून मोकळं झालंय. मला पहिल्यांदाच बरं वाटलं. ते टिकलं नाही.

"आणि ती उष्णता शेवटी जाते कुठे?" काकांनी विचारलं.

"पाठीवर पसरते."

"पाठीला कोण धरतंय?"

मी उत्तर दिलं नाही. माझे तळवे लाल झालेले होते.

"म्हणजे तुमच्याच अंगावर सोडलंय," काका म्हणाले आणि पेन पुन्हा बाहेर आलं. "सत्तावीस!"

यानंतर स्क्रीन मंद झाली. फोन फार तापला की आधी उजेड कमी करतो, मग प्रोसेसरचा वेग उतरवतो. "दाब पडला," काका म्हणाले. पडलाच होता. मघापर्यंत गुळगुळीत चाललेलं चित्र आता अडखळायला लागलं. ही स्क्रीन सेकंदाला १६५ वेळा बदलू शकते म्हणून मी हा फोन घेतला. पण बरेच गेम तिथवर जातच नाहीत आणि जो जातो तो फोनला एवढा तापवतो की थोड्या वेळानं फोनच नको म्हणतो. म्हणजे थंड फोनवर न खेळता बघत बसायला ती स्क्रीन अप्रतिम आहे. खोक्यावरचे बॅटरीचे तासही व्हिडिओ बघण्याचे होते. गेमिंग फोनच्या खोक्यावर! आणि ज्याची जाहिरातच 'थंड डोक्याचा फोन' अशी, त्याच्या शेजारी कूलर वेगळा विकायला ठेवलेला. दुखणं आणि औषध एकाच फळीवर. घेताना यातलं कुणी बोलत नाही. बोलतो तो पंपावरचा निवृत्त माणूस, तोही फुकट.

चित्र अडखळलं तेवढ्यात समोरच्या खिडकीतून कुणीतरी मला टिपलं.

"आजोबा," नात मोठ्यानं म्हणाली, "ते काका मेले."

अर्धा हॉल उठून उभा राहिला. दोन बायका पाण्याची बाटली घेऊन धावल्या. काका हात वर करून सगळ्यांना सांगत होते, "फोनात, फोनात! इथे ठीक आहेत!" एक बाई खात्री करून घ्यायला तरीही थांबल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, मग फोनला आणि म्हणाल्या, "याला ताप आहे."

"आता तरी नळ बंद करा," काका म्हणाले. "नुसती आवक ठेवा. चढेल हळूहळू."

त्यांचं गणित पक्कं होतं. केवळ म्हणूनच मी दुसरी मॅच सुरू केली.

एव्हाना काकांचा फोन भरला. हजार-बाराशे एमएएचची ती बॅटरी, पाच वॅटमध्येही तिचं भागतं. त्यांनी केबल काढून नीट गुंडाळली, फोनला रबरबँड चढवला. आता ते भोक मला परत मिळणार म्हणून मी हात पुढे केला, तोवर नातीनं माझ्या मांडीवरचा कूलर उचलून लावलासुद्धा. चकती गरगरली. तिनं गार बाजूला बोट लावलं, किंचाळली आणि ती बाजू आजोबांच्या मानेला टेकवली.

काकांचे डोळे मिटले.

"आहाहा," ते म्हणाले. "हे मात्र चांगलं काढलंय."

"काका, तो फोनचा आहे."

"कळलं हो. पण याला कशाला? हा निर्जीव आहे." आणि त्यांनी कॉलर मागे ओढून कूलर आणखी खाली सरकवला. मघाच्या त्या दोघी आता रांग लावल्यासारख्या मागे उभ्या होत्या. वर्तमानपत्राचा मालक विचारत होता, पाठीला चालेल का. फोन माझ्या हातात २४ वर आला होता, पण तो आकडा सांगायला आता कुणी मोकळं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या गाडीची घोषणा झाली. मी बॅग उचलली, केबल उपसली.

"काका, माझी गाडी लागली. तो कूलर..."

"लागली म्हणजे सुटली नाही ना," काका डोळे न उघडता म्हणाले. "बसा दोन मिनिटं."