सेन्सर बदलून टाका!

जुनी गाडी असली की सल्ले फुकट मिळतात, त्यासाठी नुसतं बोनेट उघडून उभं राहायचं असतं. मी उभा होतो. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट व्हायची, पण तापल्यावर कुठे बंद केली की परत स्टार्ट व्हायला इतका वेळ लावायची की येणारेजाणारे थांबून बघायचे, आणि एकदा चालू झाली की जसं काही घडलंच नाही अशा थाटात पळायची, फक्त समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तर कोड पी ०३४०, म्हणजे कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर सर्किट.

यातलं फक्त 'सेन्सर' तेवढं लोकांना ऐकू येतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, सेन्सर बदलून टाका." शेजारचे काका म्हणाले सेन्सरच. आत्याला गाडी चालवता येत नाही, तिनेही फोनवर तब्येतीची चौकशी करून झाल्यावर सेन्सर बदलायला सांगितलं.

आता हा सेन्सर करतो काय, तर पिस्टन इंजिनाच्या एका पूर्ण चक्रात दोनदा वर येतो, एकदा पेट्रोल-हवा दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचा, सेन्सर एवढंच सांगतो की पिस्टन वर आलाय. कशासाठी आलाय ते कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, सेन्सरला कळतं, कारण क्रँकच्या २ फेऱ्यांत कॅमची १ होते. तो गप्प बसला की ईसीयूची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची, अवस्था दारात चपलांशी खटपट करणारा पाहुणा बघून चहा टाकायचा की निरोप द्यायचा हे न कळणाऱ्या यजमानासारखी होते. मग बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू अंदाज घेत बसतो आणि आपण सेल्फ मारत बसतो. आणि कोड सर्किटचा आहे, त्यात सेन्सर आला, वायरी आल्या, वायरी जोडणारा कपलर आला, अर्थिंग आलं, अगदी ईसीयूसुद्धा आला. पण हे ऐकायला कोण थांबतंय?

मेहुणा तर अजिबात नाही. त्याने स्वतःच्या पैशाने नवा सेन्सर आणला, स्वतःच्या हाताने बसवला, आधी बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं होतं त्यामुळे कोड आपोआप पुसला गेला आणि दिवा विझला. "बघा!" असं तो जे म्हणाला ते अजून कानात आहे. घरात दोन वेळा त्याचं कौतुक झालं, गाडी मात्र तापल्यावर परत हटून बसली आणि दिवा आला तो आलाच. यावर त्याचं म्हणणं, सेन्सर सेट व्हायला वेळ लागतो! (हा काय नवा बूट आहे का, हे मी मनात म्हणलो, बायको शेजारीच होती.)

शेवटी एका निवांत दुपारी, म्हणजे मेहुणा गावाला गेल्यावर, मल्टीमीटर घेऊन बसलो. आमचा सेन्सर हॉल इफेक्टवाला, म्हणजे चुंबकाच्या जोरावर चालणारा, तीन वायरींचा. कपलर काढला, चावी ऑन केली. सप्लायला ५ व्होल्ट, बरोबर. अर्थिंग ठीक. सिग्नलच्या पिनवर ईसीयूकडून येणारे ५ व्होल्ट, तेही बरोबर. सगळं इतकं बरोबर होतं की मलाच आपण उगाच बसलोय असं वाटायला लागलं. मग प्रोब तिथेच अडकवून ठेवला आणि दुसऱ्या हाताने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, थोडाथोडा हलवत मागे मागे गेलो, बोट कापलं, कोपर भाजलं, टॉर्च खाली पडून नको तिथे जाऊन बसली. आणि ब्रॅकेटजवळ जिथे वायर वळते तिथे दाबल्यावर आकडा धपकन शून्यावर. सोडलं की परत ५. दाबलं की शून्य. मी ते गरज नसताना बराच वेळ करत बसलो, इतका आनंद झाला.

वरून वायर अगदी धडधाकट दिसत होती, आत मात्र तांबं तुटलेलं, थंड असताना टेकायचं आणि गरम झालं की सुटायचं. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर श्रिंक स्लीव्ह चढवली, आणि खात्री करायला म्हणून नवा सेन्सर काढून जुनाच परत बसवला. गाडी गरमागरम असताना सेल्फ मारला, लगेच स्टार्ट. कोड पुसला, परत आला नाही.

मेहुणा आल्या आल्या चक्कर मारून आला. खाली उतरून बोनेटवर दोन थापा मारल्या आणि बायकोकडे बघून म्हणाला, "ताई, ओरिजनल पार्ट टाकला की फरक पडतोच. बघ कसा सेट झाला."

त्याचा ओरिजनल पार्ट माझ्या कपाटात मोज्यांच्या खाली आहे. मी म्हणलं, "हो ना, आता एकदम सेट झालाय." बायकोने त्याला अजून एक लाडू वाढला.