म्हणे माझा स्वभावच बॅकएंडचा

दादरहून सुटणारी स्लो मिळाली, त्यात खिडकी. म्हणून लिहितेय. नाहीतर घरी जाऊन भांडी आपटली असती.

आज एचआरने सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवून व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. अनोळखी लोकांत तुम्ही आपणहून बोलता का, वगैरे. शेवटी हातात चार अक्षरं, पहिलंच 'आय'. म्हणजे इंट्रोव्हर्ट. एचआरची पोरगी गोड हसून म्हणाली, "मॅम, म्हणूनच तुम्हाला टीम लीडपेक्षा बॅकएंड सूट होतं."

म्हणूनच?

२०१४ चा मार्चएंड. हिशेबातला ११ लाखांचा फरक काही केल्या लागत नव्हता. रात्री साडेदहापर्यंत बसून मी तो शोधला. एकाच पार्टीची दोन खाती उघडलेली, नावात एका टिंबाचा फरक, आणि तेच बिल दोन्हीकडे चढवलेलं. सकाळी मीटिंगमध्ये शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "सर, आम्ही शोधलं." आम्ही! मी वहीत बघत बसले. जूनमध्ये तो सीनियर झाला.

त्या चार अक्षरांचं मूळ तरी काय? अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स, या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ मधल्या मांडणीवरून ही चाचणी रचली. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. १६ खाने, बसवा त्यात माणसं. थोड्या दिवसांनी परत द्या, कित्येकांचा खाना बदलतो! आपले देवगण-राक्षसगण बरे, निदान जन्मभर तेच राहतात. आणि नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका, असं ती विकणारेच सांगतात.

बरं, स्वभावाचा पगाराशी काहीच संबंध नाही, असंही नाही. काटेकोर माणसं कामात सरस ठरतात आणि पडतं घेणाऱ्यांना सरासरी कमी पैसे मिळतात, हे अभ्यासांत दिसलंय. मान्य. पण पडतं घ्यायला लावतं कोण? वर्षभर "जरा सांभाळून घ्या ना" म्हणायचं आणि एप्रिलमध्ये सांभाळून घेण्याचेच पैसे कापायचे!

कुर्ला गेलं. जरा वारं लागलं.

खरं सांगू? मला हे काम आवडतं. दोन्ही बाजू जुळून फरक शून्य आला की मांडीवर झोपलेलं मूल न जागं करता खाली ठेवल्यासारखं वाटतं. त्या रात्री लोकलमध्ये मी एकटीच हसत होते. तो 'आम्ही'वाला तेव्हा कधीच घरी जाऊन झोपला होता, त्याला ते कुठून मिळणार?

पण समाधानावर सोसायटीचं मेंटेनन्स भरता येत नाही ना.

तो तसा वाईट नव्हता हो. दरवर्षी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन इन्क्रिमेंट मागायचा, एवढंच. बोलणाऱ्याची बोरं विकतात. मी कधी मागितलं? एकदाही नाही. हेही लिहून टाकते, नाहीतर आमचे हे खाली कमेंटमध्ये लिहितील. पण ११ लाख सापडले ते कागदावर होतं की! वाचायला काय स्वभाव लागतो?

उद्या ११ ची वेळ मागितली आहे साहेबांकडे. आकडा चिठ्ठीवर लिहून नेणार, तोंडातून नाहीच फुटला तर चिठ्ठी पुढे सरकवीन. मघाशी लिहिला, मग १० टक्क्यांनी कमी केला, आता पुन्हा खोडून पहिलाच लिहिलाय.

नाहूर गेलं. उठते, दाराशी गर्दी आहे.