दुधाळ बॉनेट : पाणी नेमकं कुठे मुरलं?

नमस्कार बाब,

१:२४ प्रमाणातल्या जॅग्वार ई-टाइप गाडीच्या प्लॅस्टिक मॉडेलवरच्या आमच्या लेखावर म्हापशाहून तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. लेखात सांगितल्याप्रमाणे टीएस-१३ क्लिअर या पारदर्शक चकचकीत लॅकर स्प्रेचे तीन हात मारले, तरी बॉनेट दुधाळ झालं आणि दारावरचा नंबराचा डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र) सुरकुतला. किटचं चकचकीत क्रोम धुऊन काढायला सांगणं म्हणजे पैशांची नासाडी. आणि स्पार्क प्लगच्या वायरींचा क्रम चुकला आहे.

तिसरी हरकत पूर्ण मान्य, ती आधी मिटवतो. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४ हीच, पण जॅग्वारच्या या इंजिनात सिलिंडर मागून मोजतात. एक नंबर फ्लायव्हीलच्या बाजूला, म्हणजे चालकाच्या पायांकडे. आकृतीत तो रेडिएटरकडे दाखवला होता, तो बदलला आहे. वायर मात्र ०.३ मिमीचीच घ्या. खरी केबल साधारण ७ मिमीची, तिला २४ ने भागलं की तेवढीच उरते. ०.५ची घातली तर इंजिनावर बागेतला पाइप पसरल्यासारखा दिसतो.

आता क्लिअर. डबा जुना किंवा खराब होता असं तुम्ही म्हणता, पण तुमच्याच प्रतिक्रियेत उत्तर आहे: 'बॉडी रात्रभर एसीत सुकवली आणि सकाळी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) नेऊन लगेच मारलं.' पाणी मुरलं ते इथेच. जुलैत आपल्याकडे २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २५ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसीतून आलेली बॉडी २२-२३ अंशांची. फ्रिजमधल्या बाटलीला बाहेर काढल्यावर घाम सुटतो, तसा तिलाही सुटला, फक्त डोळ्यांना दिसला नाही. त्यात लॅकरमधलं द्रावक झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग आणखी थंड करतं. हवेतलं पाणी ओल्या थरात शिरतं, थर सुकताना तिथे सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांवर प्रकाश विखुरला की पांढरं दिसतं. बॉडी बाहेर नेल्यावर तासभर तशीच ठेवली असती तर निम्मं संकट टळलं असतं.

निम्मंच, कारण सकाळची वेळही चुकीची होती. पावसाने उघडीप दिली की दुपारी दोन ते चार ही दिवसातली सगळ्यांत कोरडी वेळ. एक साधा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) टेबलावर ठेवा आणि कॅलेंडरऐवजी त्याचं ऐका. ६५ टक्क्यांच्या आत असेल तर स्प्रे कॅन चालेल. त्याच्या वर गेला तर एअरब्रश, लेव्हलिंग थिनर (रंग सपाट बसवणारं लॅकरचं द्रावक) आणि त्यात पाच ते दहा टक्के रिटार्डर, म्हणजे थर सावकाश सुकतो आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. कंप्रेसरला वॉटर ट्रॅप नसेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, नळीतूनच थेंब उडतील. ८५ च्या वर ग्लॉसचं, म्हणजे चकचकीत थराचं, नाव काढू नका.

म्हणून 'आम्ही गोंयकारांनी चार महिने हात बांधून बसायचं काय?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. सांधे भरणं, पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, खोल करणं (रंगाआधीच, नंतर त्या बुजतात), इंजिन, आतल्या सीटा, डॅशबोर्ड हे सगळं मॅट ॲक्रिलिकमध्ये पावसातही होतं. बॉडीचा ग्लॉस तेवढा चवथीनंतर, आभाळ मोकळं झालं की.

सध्याचं बॉनेट वाचेल. घासू नका. कोरड्या दुपारी २० सेंटिमीटरवरून नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारा, थर पुन्हा विरघळून सपाट होतो आणि पांढुरकेपणा जातो. दारं आधी मास्किंग टेपने झाका, थिनर डेकलला लागता कामा नये. नंतर पॉलिश करताना बॉनेटच्या मधल्या फुगवट्याच्या कडांवर २ मिमीची टेप लावा. रंग पहिल्यांदा तिथेच उडतो.

डेकलचा दोष आमच्या माथी. 'तीन हात' लिहिलं, पण पहिले दोन कसे मारायचे ते राहून गेलं. टीएस-१३ तिखट आहे, ओला थर थेट डेकलवर पडला की फिल्म आकसते. डेकल लावून दोन दिवस थांबायचं, सेटिंग सोल्यूशनचे (डेकल मऊ करून बसवणाऱ्या द्रवाचे) डाग ओल्या कापडाने पुसायचे, मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन धुक्यासारखे हात आणि त्यानंतरच एक ओला. सुरकुतलेला डेकल मात्र पुन्हा बसत नाही. तेवढं दार घासून रंगवा आणि नवा लावा.

क्रोमवर आम्ही अर्धंच मागे येतो. बंपरवर साच्याची रेघ दिसत नसेल तर किटचं क्रोम खुशाल ठेवा. तारांच्या चाकांचं मात्र काढाच. खऱ्या चाकात ७२ तारा असतात आणि जाड क्रोमने त्यांच्या फटी बुजतात. शिवाय खरी चाकं क्रोमची तशी चंदेरी रंगाचीही मिळत, म्हणजे चंदेरी रंग दिलात तर तोही अस्सलच. खर्च म्हणाल तर घरातलं ब्लीच आणि प्लॅस्टिकचा डबा. अर्ध्या तासाने बघायचं, हातमोजे घालायचे. टॉयलेट क्लीनर त्यात चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. क्रोम ठेवलेल्या भागांचा सांध्याजवळचा मुलामा ब्लेडने खरवडा, नाहीतर प्लॅस्टिक सिमेंट (मॉडेल जोडायचा गोंद) धरत नाही आणि बंपर महिन्याभरात हातात येतो.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढची पायरी तीच असेल म्हणून: १९६१ च्या ई-टाइपच्या दिव्यांवर काचेची झाकणं असतात. ती सुपरग्लूने चिकटवू नका. त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरी बसते आणि दमट हवेत जास्तच. टूथपिकच्या टोकावर पांढरा फेविकॉल घ्या, कडेने फिरवा आणि रात्रभर हात लावू नका.