डोकी मोजून संपत्ती होत नाही

‘१४० कोटी लोक हीच देशाची संपत्ती’ असं वाक्य एका लेखात वाचलं, ते मला अर्धंच पटलं. जागतिक बँकेच्या २०२० च्या मानवी भांडवल निर्देशांकात भारत ०.४९ वर होता. म्हणजे पूर्ण शिक्षण आणि आरोग्य मिळालं असतं तर मूल मोठेपणी जेवढं कमावतं झालं असतं, त्याच्या निम्म्यालाही ते पोचणार नाही. वाचून पोटात खड्डा पडतो हो.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मूल शाळेत नाही गेलं तर पालकांना दंड! माझी पणजी दांडिया बाजारातल्या घरी दुधाचा हिशेब स्वतः लिहायची. ती वही अजून आमच्याकडे आहे.

मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली. गेल्या वर्षी आयटीआय झालेला एक पोरगा आला, त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचता येईना. दोष त्याचा नाही, दोन वर्षं आयटीआयमध्ये व्हर्निअर पोरांना कपाटाच्या काचेतूनच दाखवला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला घेऊन बसलो. महिन्याभरात ०.०२ मिलिमीटरपर्यंत बिनचूक वाचायला लागला. आता नवीन पोरांना तोच शिकवतो.