शाळा आहे, वरात नव्हे

आमच्या साताऱ्याकडच्या शाळेचं यंदा अमृतमहोत्सवी वर्ष. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकाने सुचवलं, गावातल्या ब्रास बँडला दोन दिवस शाळेत बोलवू. नाट्यगीत, लावणी, सिनेमा असं करत आपल्याकडचं गाणं कसं बदलत गेलं, ते मुलांना वाजवून दाखवतील. लगेच उत्तर आलं, "शाळा आहे, वरात नव्हे." खाली सतरा अंगठे. पहाटे तीनला मी ते वाचलं आणि झोपेचं खोबरं झालं.

मी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला राहतो. इथे सेंट पीटर स्ट्रीटवरच्या प्रिझर्व्हेशन हॉल या जॅझच्या मैफिलींच्या जागेचे वादक शाळकरी मुलांना शिकवतात. मुलीच्या वर्गाबरोबर मीही गेलो होतो. अंधारी खोली, लाकडी बाकडी, पोरं पुढे जमिनीवर. एकच भजन त्यांनी दोनदा वाजवलं: आधी स्मशानाकडे निघाल्यासारखं संथ, मग परतीच्या वाटेवरचं, नाचवणारं. इथलाच जॅझचा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याचीही गोष्ट झाली. नववर्षाच्या रात्री पिस्तूल उडवलं म्हणून पोराला सुधारगृहात टाकलं आणि तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ, शिकला. पोरांना अर्थात पिस्तूलच जास्त आवडलं. हा सगळा इतिहासाचा तास होता आणि एकाही पालकाला त्यात वरात दिसली नाही. (इथल्या शाळांबद्दल बाकी काय काय लिहिता येईल, ते मी मुद्दाम लिहीत नाहीये.)

"तुमच्याकडे जॅझला प्रतिष्ठा आहे रे," असं एक मित्र म्हणाला. आज आहे. १९१८ साली इथल्याच 'टाइम्स-पिकयून' या वर्तमानपत्राने अग्रलेख लिहून जॅझचं पितृत्व झटकलं होतं. १९६१ मध्ये हॉल सुरू झाला, तेव्हा काळ्या-गोऱ्यांनी शेजारी बसून गाणं ऐकणंसुद्धा कायद्यात बसत नव्हतं. आता विमानतळाला आर्मस्ट्राँगचं नाव आहे. आपल्या बँडवाल्यांची आडनावं एकदा मोठ्याने वाचा, म्हणजे ग्रुपवरच्या सतरा जणांची अडचण संगीताची आहे की आणखी कसली, ते कळेल.

आणि गंमत अशी की 'वरात नव्हे' लिहिणारा हा गृहस्थ प्रत्येक स्नेहसंमेलनात 'अलबेला'तलीच गाणी म्हणायचा. १९५१च्या त्या सिनेमाचं संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यांच्याकडे ट्रम्पेट वाजवायचा गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट. मुंबईत त्याला आपला लुई आर्मस्ट्राँग म्हणत. म्हणजे सेंट पीटर स्ट्रीटचं वारं गोवा-मुंबईमार्गे आमच्या शाळेच्या स्टेजवर कधीच येऊन गेलंय. फक्त ते बँडवाल्यांच्या हातून आलं, हे कुणी आम्हाला शिकवलं नाही.

हे सगळं मी ग्रुपसाठी लिहून ठेवलं. जरा चढ्या आवाजातच. अकरा वर्षं झाली इथे, पण सेकंड लाइनमध्ये, म्हणजे बँडमागून नाचत जाणाऱ्या इथल्या मिरवणुकीत, माझा रुमाल अजून एक ठोका उशिरानेच हलतो. शेजारी हसतात, प्रेमानेच. 'इथे आमच्याकडे' असं मी फक्त साताऱ्याच्या ग्रुपवर लिहू शकतो.

हॉलमधून परतताना मुलीने विचारलं, "बाबा, तुझ्या लग्नात कुठला बँड होता?" पितळी सुसाफोन, डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका, मारुतीच्या देवळापाशी ठरलेलं ते एक गाणं, सगळं डोळ्यांसमोर आलं. बँडचं नाव मात्र आठवेना. दादाला विचारलं.

दादाचा व्हॉइस मेसेज आला, "अरे, तुला आठवते ती माझी वरात. तुझ्या वेळी आईने बँड सांगितला होता, पण तूच म्हणालास, कंपनीतले लोक येणार, बँड नको, डीजे लावा. बँडवाल्यांकडून इसार परत आणायला आप्पांना पाठवलंस. ते गेले, चहा पिऊन आले. इसार त्यांनी मागितलाच नाही."

ग्रुपसाठी लिहिलेलं ते उत्तर अजून तसंच पडून आहे.