अमेरिकेच्या ‘उसन्या’ संगीताविषयी फिरणारा एक निरोप

उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोला गेलेल्या माझ्या मामींनी ग्रँट पार्कमधल्या अमेरिकन वाद्यवृंद-संगीताच्या कार्यक्रमाला जायचे रद्द केले आणि कारण म्हणून मला व्हॉट्सॲपवरचा एक लांबलचक निरोप पाठवला. मामी गायनात विशारद आहेत, त्यामुळे त्यांनीही तो खरा मानावा याचा मला अधिक राग आला. निरोपातली मुख्य विधाने चार आहेत: अमेरिकेला स्वतःचे अभिजात संगीत नाही आणि तिथली एकमेव थोर सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) ड्वोर्झाक या पाहुण्या चेक संगीतकाराने कृष्णवर्णीयांचे एक भजन जसेच्या तसे उचलून रचली; कृष्णवर्णीयांनी जॅझ दिले, पण सिम्फनी लिहिण्याची त्यांची परंपराच नाही; उद्यानातले मोफत कार्यक्रम हौशी वादकांचे असतात आणि आवाज ध्वनिमुद्रित असतो; आणि अमेरिकन लोक ४ जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, जी ‘१८१२’ नावाची रचना वाजवतात, ती त्यांच्या इंग्रजांशी झालेल्या युद्धावर आहे. शेवटी अर्थातच ‘आपल्या संगीताला तोड नाही, पुढे पाठवा’ हे आहेच.

पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ड्वोर्झाक १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक म्हणून आला आणि त्याची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली, हे खरे आहे. हॅरी बर्ली हा तिथला कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या समाजाची भक्तिगीते गाऊन दाखवत असे, हेही खरे. मात्र ज्या ‘गोइंग होम’ गीतावरून त्याने दुसरा भाग उचलला असे सांगतात, त्याचे शब्द ड्वोर्झाकच्याच एका शिष्याने, विल्यम आर्म्स फिशरने, १९२२ मध्ये त्या सुरावटीवर बसवले. म्हणजे सुरावट आधीची आणि गीत जवळजवळ तीस वर्षांनंतरचे. शिवाय याच ड्वोर्झाकने मे १८९३ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्राला सांगितले होते की या देशाचे भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या गीतांच्या पायावर उभे राहिले पाहिजे. निरोप लिहिणाऱ्याने हे वाचले असते, तर त्याचे दुसरे विधान लिहिण्याचे धाडस त्याला झाले नसते.

ते दुसरे विधान नुसते चुकीचे नाही, दुष्टही आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. विल्यम ग्रँट स्टिल या कृष्णवर्णीय संगीतकारांची ‘आफ्रो-अमेरिकन सिम्फनी’ १९३१ मध्ये रॉचेस्टरला वाजली. तसेच कृष्णवर्णीय विल्यम डॉसन यांची सिम्फनी १९३४ मध्ये स्टोकोव्स्कीच्या संचालनाखाली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने सादर केली. या दोन्हींच्या मधे, १५ जून १९३३ रोजी, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली फ्लॉरेन्स प्राइस यांची ई मायनरमधली पहिली सिम्फनी वाजवली. अमेरिकेतल्या प्रमुख वाद्यवृंदाने वाजवलेली कृष्णवर्णीय स्त्रीची ती पहिली सिम्फनी, आणि ती वाजली मामी सध्या राहत आहेत त्याच शहरात.

या सिम्फनीचा तिसरा भाग ऐकण्यासारखा आहे. युरोपीय रिवाजाप्रमाणे तिथे मिन्युएट (एक दरबारी नृत्य) किंवा स्केर्झो (एक चपळ, खेळकर भाग) यायला हवा. प्राइस यांनी तिथे ‘जुबा’ हे कृष्णवर्णीय गुलामांचे नृत्य घातले. दक्षिण कॅरोलायनात १७३९ च्या गुलामांच्या उठावानंतर त्यांना ढोल वाजवण्याची कायद्याने बंदी झाली. जुबामध्ये ढोलाचे काम शरीरच करते. टाळ्या वाजवून, मांड्यांवर थापा मारून, पाय आपटून ठेका धरला जातो. प्राइस यांच्या या भागात खालची वाद्ये पायांचा नियमित ठोका धरतात आणि व्हायोलिने त्याच्या आडव्या, मात्रा चुकवून येणाऱ्या जागा घेतात. तबल्यावर लग्गी लागली की ज्यांचा हात आपोआप मांडीवर पडतो, त्यांना हा भाग कुणी समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय वाद्यांत आफ्रिकी ढोल आणि एक सरकती शिट्टीही आहे. ही उसनवारी म्हणायची असेल, तर मग ‘स्वतःचे’ कशाला म्हणतात ते निरोपकर्त्याने सांगावे.

परंपरा होती, दारे मात्र बंद होती. त्याचा पुरावा खुद्द प्राइस यांनी लिहून ठेवला आहे. ५ जुलै १९४३ रोजी त्यांनी बॉस्टन सिम्फनीचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांना पत्र लिहिले. पत्राच्या सुरुवातीलाच त्या म्हणतात की आपल्यापुढे दोन अडचणी आहेत, लिंग आणि वंश: आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगात काही कृष्णवर्णीय रक्त आहे. पुढे त्यांची मागणी एवढीच होती की आपले स्वरलेखन नजरेखालून घालावे आणि केवळ गुणांवर निर्णय द्यावा. टँगलवूडचा उन्हाळी महोत्सव ज्यांनी घडवला, त्या कुसेवित्स्कींनी प्राइस यांची एकही रचना वाजवली नाही. १९५३ मध्ये त्या वारल्या. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन येथे, एकेकाळी त्यांचे उन्हाळी घर असलेल्या पडक्या वास्तूत, त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले आणि त्यांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) व चौथी सिम्फनी होती. एवढे सगळे अडगळीत पडू द्यायचे आणि वर ‘परंपराच नाही’ म्हणायचे, हा उलटा चोर झाला.

तिसऱ्या विधानावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. ग्रँट पार्क महोत्सव १९३५ पासून, म्हणजे महामंदीच्या काळापासून चालू आहे, त्याचा वाद्यवृंद व्यावसायिक आहे आणि वादकांना काम मिळावे हा त्याच्या स्थापनेचा एक हेतूच होता. आवाजाबाबत एवढे खरे की जिथे हा महोत्सव होतो त्या, २००४ मध्ये बांधलेल्या प्रिट्झकर पॅव्हिलियन या खुल्या रंगमंचासमोरच्या हिरवळीवर लाऊडस्पीकरमधून ऐकावे लागते आणि आसनांवर बसून ऐकण्याची सर तिथे येत नाही. पण वादन समोर चाललेले असते, ध्वनिमुद्रण कुठेही नसते. हिरवळीवरच्या पोलादी नळ्यांच्या जाळीला टांगलेल्या स्पीकरांना आवाज मुद्दाम क्षणभर उशिरा दिला जातो. ध्वनीला शंभर मीटर कापायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, तेवढा वेळ राखला नाही तर डोक्यावरचा आवाज आधी आणि रंगमंचावरचा नंतर पोहोचेल.

आणि ‘१८१२’! ती रचना चायकोव्स्की या रशियन संगीतकाराची, १८८० मध्ये लिहिलेली, आणि विषय नेपोलियनची रशियावरची स्वारी. म्हणूनच तिच्यात फ्रान्सचे राष्ट्रगीत ‘मार्सेयेझ’ ऐकू येते आणि अखेरीस त्यावर झारचे राष्ट्रगीत मात करते. अमेरिकेचा किंवा इंग्रजांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. ४ जुलैला तोफा आणि आतषबाजीसह ती वाजवण्याची प्रथा रुजली ती १९७४ मध्ये बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाच्या आर्थर फीडलर यांनी चार्ल्स नदीकाठी केलेल्या कार्यक्रमानंतर.